किल्लीची पाळी

वडणग्याहून पहिली के.एम.टी. सुटते
तेव्हा इंदुबाई चौगुलेनं चहा अर्धाच घेतलेला असायचा.
मेथीवर पाणी मारायचं, कोथिंबिरीवर मारायचं,
आपल्या घशाला मात्र कोरड.
दिवस कलेपर्यंत ओटीपोटात मूठ आवळून बसायचं,
मंडईचा हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता.

मी तिच्या शेजारची. शमशाद. लिंबं, आलं, मिरची.
तिचं पोतं माझ्या पोत्यावर चार बोटं चढतं
म्हणून आम्ही अकरा वर्षं भांडलो.
अख्खी मंडई पंच झाली,
निकाल काही लागला नाही.

मग एकदा सीपीआरच्या रांगेत
पुढं ती, मागं मी, माझ्या मागं सुकटवाली तानूबाई भंडारे.
तीन केसपेपर, आजार एकच.
डॉक्टरीण कोवळी पोर, मान वर न करता म्हणाली,
पाणी भरपूर प्या.
आम्ही एकमेकींकडं बघितलं
आणि अशा हसलो
की तानूबाईला रांग सोडून पळावं लागलं.

मंडईमागं होतं की एक स्वच्छतागृह.
गुलाबी. दोन वर्षं कुलपात.
नारळ फोडायला कुणा मोठ्या माणसाला सवड नव्हती.
कारकून म्हणाला, किल्ली कंत्राटदाराकडं.
कंत्राटदार म्हणाला, कचेरीत.
इंदुबाई म्हणाली, शमशाद, चल,
अकरा वर्षांचा सराव हाय आपला,
आता जरा एका बाजूनं भांडू.

एक्केचाळीस बायकांनी अर्ज केला.
सही येत नव्हती त्यांनी बीट कापून अंगठा बुडवला.
कारकुनानं कागदाचा वास घेतला,
म्हणाला, ह्ये काय?
आम्ही म्हणालो, रुपयाला एक. घ्या.
त्यानं परवानगी लिहून दिली. किल्ली तरीही नव्हती.

ती उद्यमनगरात झाली.
अशोक लोहारानं कुलूप उलटंपालटं केलं,
कानसीनं दात काढले, पैसे घेतले नाहीत.
आई दही विकायची मंडईत, म्हणाला.
पुढं काही बोलला नाही.

टाकी चढवायला दोन तालमींची पोरं आली.
मॅचच्या दिवशी ह्यांच्या मधी पोलीस उभे करावे लागतात.
एका पेठेनं वरून दोर ओढला,
दुसरीनं खालून रेटलं,
शिव्या दोन्हीकडून सारख्याच,
पण टाकी सरळ बसली.

आठवडाभरानं नळ चोरीला गेला. ते जाऊ दे.
खरा प्रश्न नंतर आला: धुवायचं कुणी?
कुणी बोललं नाही.
सगळ्यांची नजर तानूबाईकडं गेली.
माझीसुद्धा. खोटं कशाला बोलू.
जुनी वाट, पाय न विचारता वळतात.
तानूबाई सुकट निवडत राहिली,
एकेक मासोळी, खाली मान घालून.
त्या दिवशी किल्ली कुणीच मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी इंदुबाईनं पदर खोचला,
खराटा घेतला, बादली घेतली.
आत अर्धा तास पाण्याचा आवाज.
बाहेर आली ती घामानं भिजून,
एका खोक्याचा पुठ्ठा फाडला, म्हणाली,
लिव्ह, शमशाद. आज मी. उद्या तू.
मी लिहिलं. एक्केचाळीस नावं.
तानूबाईचं एकोणतिसावं.

आता भर बाजारात कुणीतरी ओरडतं,
आज पाळी कुणाची गं?
गिऱ्हाईक पुरुष दचकतात,
कांद्याकडं बघायला लागतात.
आम्हाला मजा येते.
पूर्वी हाच शब्द आम्ही
वर्तमानपत्रात गुंडाळून बोलायचो.

परवा गगनबावड्याकडची एक पोर आली, करवंदं घेऊन.
कोपऱ्यात बसली, अंग चोरून.
दुपार झाली तरी तिची पाण्याची बाटली तशीच गच्च.
आमच्या ओळखीची होती ती बाटली.

मिरच्यांच्या ढिगाखालून मी किल्ली काढली,
माझ्याकडून इंदुबाईकडं,
तिच्याकडून तानूबाईकडं,
सुतळीला बांधलेली, जराशी सुकटीचा वास असलेली.
पोरीनं विचारलं, किती द्यायचे?
तानूबाई म्हणाली, पुठ्ठ्यावर नाव घाल.

ती जाऊन आली.
मग बाटलीचं टोपण फिरवलं
आणि घटाघटा प्याली,
मंडईत ऐकू येईल एवढ्यानं.

पोत्याचं भांडण अजून मिटलेलं नाही.
चार बोटं माझीच आहेत.